हवाईयन स्टील गिटार: हे वाद्य कसे वाजते आणि कसे शिकतात

हवाईयन स्टील गिटार हे मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे तंतुवाद्य आहे. वाजवणारा डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबत नाही. पोलादाचा एक गुळगुळीत दांडा तो तारांवर टेकवतो, पुढे-मागे सरकवतो आणि उजव्या हातातल्या नख्यांनी तारा छेडतो. दांडा सरकतो तसा सूर न तुटता चढतो आणि उतरतो. गळ्यातल्या मींडेची आठवण करून देणारा हा आवाज महाराष्ट्रातल्या अनेकांनी गिटारवर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या धुनांत ऐकलेला असतो.

या वाद्यावर पहिल्याच दिवशी कानाला बरा वाटेल असा आवाज निघतो. तारा आधीच एका कॉर्डमध्ये जुळवलेल्या असल्याने नुसता हात फिरवला तरी संगीत ऐकू येते. साध्या गिटारवर बोटे दुखवून महिनाभराने जे जमते, ते इथे तासाभरात जमते. पण सुरात वाजवणे ही पुढची गोष्ट आहे आणि तिला वर्षे लागतात. सूर कुठे आहे हे डोळ्यांना साधारण दिसते, नेमका कुठे आहे हे मात्र कानच ठरवतो. हे वाद्य शिकण्यातला बहुतेक वेळ कान तयार करण्यातच जातो.

‘स्टील’ म्हणजे काय?

नावातले ‘स्टील’ हे तारांबद्दल किंवा गिटारच्या सांगाड्याबद्दल नाही. ते डाव्या हातातल्या पोलादी दांड्याचे नाव आहे. वादक त्याला ‘बार’ किंवा नुसतेच ‘स्टील’ म्हणतात. हवाईयन भाषेत या वाद्याला ‘किका किला’ म्हणतात. ‘किका’ म्हणजे गिटार आणि ‘किला’ म्हणजे पोलाद.

साध्या गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. त्यांना फ्रेट किंवा पडदे म्हणतात. बोटाने तार पडद्यामागे दाबली की ती पडद्याला टेकते आणि सूर तिथे निश्चित होतो. बोट थोडे मागे-पुढे पडले तरी सूर बदलत नाही. स्टील गिटारमध्ये तारा इतक्या उंच असतात की त्या दांडीला टेकतच नाहीत. दांडीवर रेषा असतात, पण त्या फक्त खुणा असतात. बार जिथे टेकेल तिथे सूर. त्यामुळे पडद्यांची सतार वाजवणारा आणि बिनपडद्याचे सरोद वाजवणारा यांच्यात जो फरक असतो, तोच साध्या गिटारवादकात आणि स्टील गिटारवादकात असतो.

वाद्याचा जन्म

हवाई बेटांवर गिटार एकोणिसाव्या शतकात पोहोचली. 1830 च्या दशकात गुरे सांभाळण्यासाठी मेक्सिकोतून आणलेल्या गुराख्यांनी ती सोबत आणली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. स्थानिक लोकांनी तिच्या तारा सैल करून स्वतःच्या पद्धतीने जुळवायला सुरुवात केली. नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी कॉर्ड वाजावा, ही कल्पना या जुळणीतून आली. पुढे स्टील गिटारचा पाया तीच ठरली.

तारांवर पोलाद सरकवण्याची पद्धत रुजवण्याचे श्रेय जोसेफ केकुकू याला दिले जाते. त्याचा जन्म 1874 मध्ये ओआहू बेटावरच्या लाईए गावी झाला. 1880 च्या दशकाच्या अखेरीस, शाळकरी वयात, त्याने तारांवर कंगवा, चाकूची पाठ अशा वस्तू घासून पाहिल्या आणि शेवटी होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेच्या कार्यशाळेत पोलादाचा दांडा बनवून घेतला, असे सांगितले जाते. रेल्वेरुळावर सापडलेल्या बोल्टची गोष्टही प्रसिद्ध आहे. त्याने आतड्याच्या तारांऐवजी पोलादी तारा लावल्या आणि त्या उंच केल्या. मनासारखे वाजवता यायला आपल्याला सात वर्षे लागली, असे त्याने पुढे सांगितल्याची नोंद आहे.

या शोधाचे इतर दावेदारही आहेत. त्यांत गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या तरुणाचा उल्लेख येतो. तो मूळचा हिंदुस्थानातला होता आणि जहाजावरून हवाईला पोहोचला, असे जुन्या आठवणींत म्हटले आहे. भारतात विचित्र वीणा आणि गोट्टुवाद्यम ही तारेवर गोटा सरकवून वाजवायची वाद्ये आहेतच. त्यामुळे हा तपशील भारतीय वाचकांना मोहवतो. पण एका वाद्यातून दुसरे जन्मले असा थेट धागा सिद्ध झालेला नाही. तंत्र शिस्तीने घडवून जगापुढे नेण्याचे काम केकुकूने केले, यावर मात्र बहुतेकांचे एकमत आहे.

1893 मध्ये राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवली गेली आणि 1898 मध्ये अमेरिकेने हवाई आपल्यात विलीन केले. त्या काळात अनेक हवाईयन वादक बेटे सोडून बाहेर पडले. केकुकू 1904 मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला. 1912 चे ‘द बर्ड ऑफ पॅराडाइज’ हे ब्रॉडवेवरील नाटक आणि 1915 चे सॅन फ्रान्सिस्कोतील पनामा-पॅसिफिक प्रदर्शन यांनी अमेरिकेला या आवाजाचे वेड लावले.

शिकण्यासाठी कोणते वाद्य?

स्टील गिटारचे चार प्रकार सर्रास आढळतात.

- उंच तारांची साधी गिटार. नेहमीच्या लाकडी गिटारच्या डोक्याकडच्या घोडीवर, म्हणजे नटवर, धातूची उंच पट्टी बसवली की तारा वर उचलल्या जातात. सर्वांत कमी खर्चात सुरुवात करण्याचा हा मार्ग आहे.
- वाइसेनबॉर्न पद्धतीची गिटार. 1920 च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये हर्मन वाइसेनबॉर्न यांनी बनवलेल्या या गिटारची दांडीही आतून पोकळ असते. ती बहुधा हवाईच्या कोआ लाकडाची असे.
- रेझोनेटर गिटार. हिच्या पोटात ॲल्युमिनियमचे शंकूच्या आकाराचे पडदे असतात. ते आवाज मोठा करतात. नॅशनल आणि डोब्रो ही नावे 1920 च्या दशकाच्या शेवटी याच गिटारमुळे गाजली.
- इलेक्ट्रिक लॅप स्टील. लाकडाच्या किंवा धातूच्या भरीव फळीवर सहा किंवा आठ तारा आणि एक पिकअप, एवढाच हिचा पसारा. 1932 मध्ये बाजारात आलेली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही तव्यासारखी दिसणारी गिटार याच जातीची. व्यापारी यश मिळवणारी जगातली पहिली इलेक्ट्रिक गिटार मांडीवर ठेवून वाजवायची होती, ही गोष्ट आज अनेक गिटारवादकांनाही माहीत नसते.

पेडल स्टील हे पुढचे वाद्य. त्यात पायाच्या पेडलने आणि गुडघ्याच्या दांडीने तारांचा सूर बदलता येतो. अमेरिकन कंट्री संगीतात ते रुजले. नवशिक्यासाठी मात्र सहा तारांचे साधे वाद्य पुरेसे असते.

यासोबत तीन वस्तू लागतात. एक बार. तो बहुधा एका टोकाला गोल, बंदुकीच्या गोळीसारखा असतो आणि त्याचे वजन साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम भरते. फार हलका बार तारेवर नीट बसत नाही आणि खरखरतो. दुसरी वस्तू अंगठ्याची प्लॅस्टिकची नखी आणि तिसरी तर्जनी व मध्यमेसाठी धातूच्या दोन नख्या.

तारा कशा जुळवतात?

या वाद्याची एकच ठरलेली जुळणी नाही. हवाईयन संगीतात दोन जुळण्या विशेष रूढ आहेत. पहिली ए मेजर. जाड तारेपासून बारीक तारेकडे तिचे सूर ई, ए, ई, ए, सी शार्प, ई असे असतात. दुसरी सी सिक्स्थ. तिचे सूर सी, ई, जी, ए, सी, ई असे असतात. ए मेजर जुळणी जुनी आणि सोपी आहे. सी सिक्स्थमध्ये मेजर आणि मायनर दोन्ही कॉर्ड हाताशी असल्याने ती पुढे जास्त रुळली.

साध्या गिटारवर पट्टी बसवून शिकणाऱ्याने एक काळजी घ्यावी. ए मेजर जुळणीत तीन तारा नेहमीपेक्षा दोन-दोन अर्धस्वर ताणाव्या लागतात. हलक्या गिटारची दांडी किंवा घोडी हा ताण सोसेलच असे नाही. त्याऐवजी डी मेजर जुळणी, म्हणजे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी, वापरावी. तिच्यात एकही तार जास्त ताणावी लागत नाही, चार तारा उलट सैलच होतात.

ए मेजर जुळणीत ए हा षड्ज मानला तर नकाशा अगदी सरळ दिसतो. मोकळ्या तारांवर षड्जाचा कॉर्ड. पाचव्या फ्रेटवर बार सरळ ठेवला की मध्यमाचा, सातव्यावर पंचमाचा आणि बाराव्यावर पुन्हा षड्जाचा, पण वरच्या सप्तकातला. असंख्य साधी गाणी या तीन कॉर्डांवर उभी असतात. म्हणून तीन जागा सापडल्या की साथ करता येते.

बार कसा धरावा?

बार अंगठा आणि मध्यमा यांच्या मध्ये धरतात आणि तर्जनी वरून टेकवतात. अनामिका आणि करंगळी बारच्या मागे, नटच्या बाजूला, तारांवर हलकेच पसरलेली राहतात. या दोन बोटांचे काम महत्त्वाचे आहे. बारच्या मागे उरलेला तारेचा तुकडाही कंप पावतो आणि त्यातून भलताच आवाज येतो. ही बोटे तो आवाज दाबतात.

बारवर जोर देण्याची गरज नाही. त्याचे वजनच पुरेसे असते. दाबल्यास तार खाली वाकते, सूर चढतो आणि बार घासल्याचा आवाज येतो. खांदा आणि मनगट सैल ठेवून सबंध हाताने बार सरकवावा, नुसत्या बोटांनी नाही.

साध्या गिटारची सवय असलेल्यांची एक चूक इथे ठरलेली असते. ते बार दोन रेषांच्या मध्ये ठेवतात, कारण साध्या गिटारवर बोट तिथेच पडते. स्टील गिटारवर बार बरोबर रेषेच्या वर हवा. पाहायचेही सरळ वरून. बाजूने पाहिल्यास रेषा आणि बार यांच्यातले अंतर डोळ्याला फसवते.

सूर नेमका कुठे असतो?

समजा नटपासून घोडीपर्यंत तारेची लांबी 65 सेंटिमीटर आहे. मग पहिला अर्धस्वर सुमारे 36 मिलिमीटरवर येतो. वर जाऊ तशी जागा आखडत जाते. बाराव्या आणि तेराव्या रेषेत जेमतेम 18 मिलिमीटर उरतात. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर प्रत्येकाला सेंट म्हणतात. नटजवळ बार एक मिलिमीटर चुकला तर सूर तीन सेंटपेक्षा कमी ढळतो. बाराव्या रेषेजवळ तेवढ्याच चुकीने तो पाच सेंटहून अधिक ढळतो. दोन मिलिमीटर चुकले की दहा सेंट. तंबोऱ्यासोबत वाजवताना ही चूक कानाला टोचते.

याहून सूक्ष्म अडचण रेषांमध्येच आहे. दांडीवरच्या रेषा हार्मोनियमच्या पट्टीप्रमाणे, बारा समान भागांच्या हिशेबाने आखलेल्या असतात. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार त्या हिशेबातल्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट उतरलेला असतो. म्हणजे बार रेषेवर अगदी बरोबर ठेवला तरी गंधार चढा लागतो. म्हणून जाणकार वादक सी शार्पची तार यंत्राच्या काट्यावर न थांबता कानाने किंचित उतरवून लावतात. मग कॉर्ड शांत आणि भरीव वाजतो. हार्मोनियमच्या सुरांवर महाराष्ट्रात झालेली जुनी चर्चा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा मुद्दा लगेच कळेल.

म्हणून सुरुवातीचा सराव तीन पायऱ्यांनी करावा. आधी तंबोरा किंवा तंबोऱ्याचे ॲप लावावे. मग वाजवायचा सूर गळ्याने गावा. त्यानंतर डोळे बारवर ठेवून तो सूर लावावा आणि डोळे मिटून ऐकावा. सूर जुळला नसेल तर दोन आवाजांमध्ये ‘वाँव-वाँव’ अशी लाट ऐकू येते. 440 आणि 442 कंपनसंख्येचे दोन सूर एकत्र वाजले तर ही लाट सेकंदाला दोनदा येते. बार हळूहळू सरकवावा. लाट मंदावत थांबली की सूर लागला.

नको तो आवाज थांबवणे

स्टील गिटारच्या तारेला आस फार असते. एक सूर वाजत असताना दुसरा छेडला तर दोन्ही मिसळून गोंधळ होतो. म्हणून ‘ब्लॉकिंग’, म्हणजे वाजून झालेली तार लगेच बंद करणे, हे उजव्या हाताचे मुख्य कौशल्य आहे. तळहाताची करंगळीकडची कड तारांवर टेकवायची, सूर छेडताना उचलायची, पुन्हा टेकवायची. काही वादक ज्या बोटाने तार छेडली त्याच बोटाने ती थांबवतात.

हा सराव कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जण तो टाळतात. पण ऐकणाऱ्याला नवशिका ओळखू येतो तो याच जागी. दोन सुरांमधली शांतता स्वच्छ नसेल तर मींडही गढूळ वाटते.

तिरका बार

बार सरळ धरून सगळ्या तारांवर एकाच प्रकारचा कॉर्ड मिळतो. चाल दोन सुरांच्या जोडीने वाजवायची तर हे पुरत नाही, कारण जोडीतले अंतर कधी तीन अर्धस्वरांचे असते, कधी चार. त्यासाठी बार तिरका करतात. त्याला ‘स्लँट’ म्हणतात. मांडीवरच्या गिटारमध्ये जाड तार वादकाच्या पोटाकडे आणि बारीक तार गुडघ्याकडे असते. बारचे टोक घोडीच्या दिशेने झुकवले की बारीक तार एका फ्रेटने पुढे जाते.

ए मेजर जुळणीत सर्वांत बारीक दोन तारांवर पूर्ण सप्तक असे वाजते. आधी दुसऱ्या तारेचा फ्रेट, नंतर पहिल्या तारेचा:

- ग आणि प: मोकळ्या तारा
- म आणि ध: 1 आणि 2, बार तिरका
- प आणि नि: 3 आणि 4, बार तिरका
- ध आणि वरचा सा: 5 आणि 5, बार सरळ
- नि आणि वरचा रे: 7 आणि 7, बार सरळ
- वरचा सा आणि ग: 8 आणि 9, बार तिरका
- वरचा रे आणि म: 10 आणि 10, बार सरळ
- वरचा ग आणि प: 12 आणि 12, बार सरळ

डी मेजर जुळणीत हाच तक्ता तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर जसाच्या तसा लागू होतो, फक्त षड्ज डी होतो. खालच्या फ्रेटांवर रेषा दूर असल्याने बार जास्त तिरका करावा लागतो, वर कमी. म्हणून हा सराव आठव्या-नवव्या फ्रेटपासून सुरू करून खाली यावे.

कंप आणि चाइम्स

बार जागेवर हलकेच मागे-पुढे डोलवून सुरात कंप आणतात. हा कंप हवाईयन शैलीचा प्राण आहे आणि नवशिक्याचा सापळाही. सूर चुकला की हात आपोआप हलू लागतो आणि हलत्या सुरात चूक लपते. ती तशीच मुरते. म्हणून पहिले काही महिने कंपाशिवाय वाजवावे. नंतरही सूर आधी स्थिर लागू द्यावा, मग त्याच्या दोन्ही बाजूंना सारखा, संथ कंप द्यावा. तसेच प्रत्येक सुरावर घसरत जाऊ नये. मींड कुठे घ्यायची याइतकेच कुठे घ्यायची नाही हे कळायला हवे.

‘चाइम्स’ म्हणजे घंटेसारखे वाजणारे सूर. बार ज्या फ्रेटवर असेल त्याच्या बारा फ्रेट पुढे तारेला तळहाताची कड हलकी टेकवून अंगठ्याने तार छेडायची आणि हात लगेच उचलायचा. बार तिसऱ्यावर असेल तर स्पर्श पंधराव्यावर. सूर एक सप्तक वर आणि स्फटिकासारखा ऐकू येतो. अचूक जागा सापडेपर्यंत मात्र नुसता ठक्क आवाज येत राहतो.

गाणाऱ्याच्या मागे

हवाईयन संगीतात स्टील गिटारची मुख्य भूमिका गाणाऱ्याची साथ करण्याची आहे. गायक ओळ संपवून श्वास घेतो, त्या मोकळ्या जागेत स्टील गिटार बोलते. ओळ चालू असताना ती मागे राहते. त्यामुळे शिकणाऱ्याला गाण्याचे शब्द माहीत असावे लागतात. ओळ कुठे थांबते हे शब्दांवरून कळते, आकड्यांवरून नाही.

हुला नृत्याच्या गाण्यांत दोन कडव्यांच्या मध्ये ‘व्हॅम्प’ नावाचा एक छोटा तुकडा येतो. षड्ज ए असेल तर त्याचे कॉर्ड बी, ई आणि ए असे जातात. सरळ बारवर ते दुसऱ्या, सातव्या आणि बाराव्या फ्रेटवर मिळतात. मूळ चालीत पहिले दोन कॉर्ड सेव्हन्थ प्रकारचे असतात, पण सुरुवातीला साध्या कॉर्डवर भागते. नर्तक आणि गायक या तुकड्यावर पुढच्या कडव्यासाठी तयार होतात, म्हणून तो लयीत बिनचूक पडायला हवा.

आकडे, गुपिते आणि तुटलेला धागा

1930 च्या दशकात अमेरिकेत हे वाद्य शिकवण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. क्लीव्हलँडमधली ओआहू पब्लिशिंग कंपनी गिटार आणि धड्यांची पाने दोन्ही विकत असे. धडे आकड्यांत लिहिलेले असत: कोणत्या तारेवर, कोणत्या फ्रेटवर. स्वरलिपी न येणारी हजारो मुले यातून वाजवू लागली. ही पद्धत आजही उपयोगी आहे. तिची मर्यादाही तीच आहे, कारण आकडा रेषा दाखवतो, सूर दाखवत नाही.

हवाईमध्ये शिक्षण वेगळ्या वाटेने चालत असे. ऐकायचे, हात पाहायचे, घरी जाऊन शोधायचे. जुन्या वादकांपैकी काही जण आपली खास जुळणी कुणाला कळू देत नसत. जुळणी हीच त्यांची ओळख आणि रोजीरोटी होती. सोल होओपीई याच्यासारखा 1920-30 च्या दशकांतला श्रेष्ठ वादक काय करतो, हे इतरांना ध्वनिमुद्रिका ऐकूनच ताडावे लागे.

वाईकिकीहून 1935 ते 1975 या काळात प्रसारित होणाऱ्या ‘हवाई कॉल्स’ या रेडिओ कार्यक्रमाने हा आवाज जगभर नेला. पण त्यामुळेच तो पर्यटकांच्या मनोरंजनाशी जोडला गेला. 1970 च्या दशकात हवाईयन भाषा, हुला आणि सैल तारांची गिटार यांचे पुनरुज्जीवन सुरू झाले, तेव्हा नव्या पिढीने स्टील गिटारकडे फारसे पाहिले नाही. जुने वादक थकत होते, शिकणारे येत नव्हते आणि लिहून ठेवलेले फार थोडे होते. जिथे वाद्य जन्मले तिथेच ते संपेल अशी भीती निर्माण झाली.

ही साखळी जोडण्यात मोठा वाटा जेरी बर्ड यांचा. 1920 मध्ये ओहायोत जन्मलेल्या या वादकाने लहानपणी एका फिरत्या हवाईयन संचाचा कार्यक्रम ऐकून हे वाद्य धरले आणि नॅशव्हिलमध्ये नाव कमावले. 1970 च्या दशकात ते होनोलुलूत स्थायिक झाले आणि तिथल्या तरुणांना शिकवू लागले. बेटांवर वाढलेल्या मुलांना बेटांचे वाद्य बाहेरून आलेल्या माणसाने परत दिले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी ॲलन अकाका हे पुढे स्वतः नामवंत वादक आणि शिक्षक झाले.

भारतातली वाट

भारतात हे वाद्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हवाईयन कलावंतांच्या दौऱ्यांतून आले. ताऊ मो यांचे कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात राहिले आणि तिथे या वाद्याचे चाहते व विद्यार्थी तयार झाले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी त्याला जागा मिळवून दिली. गाजलेल्या गाण्यांच्या त्यांच्या गिटारवरच्या धुना घरोघरी पोहोचल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे शिकून या गिटारवर राग मांडला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या 1967 च्या ध्वनिमुद्रिकेत तीच गिटार आहे. विश्वमोहन भट्ट यांनी तिला जादा तारा जोडून मोहनवीणा घडवली. राय कूडर यांच्यासोबतच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला 1994 मध्ये ग्रॅमी मिळाले.

भारतीय वादकाची वाट हवाईयन वादकापेक्षा वेगळी आहे. तो कॉर्डऐवजी एका तारेवर राग उलगडतो, तिरक्या बारऐवजी मींडेवर भर देतो. पहिली अट मात्र दोन्हीकडे एकच आहे: सूर आधी गळ्यात हवा.

सुरुवात कोणत्या क्रमाने?

- पहिला महिना: बार धरणे, एकाच तारेवर तंबोऱ्यासोबत सा, म, प आणि वरचा सा. कंप नाही.
- दुसरा-तिसरा महिना: तळहाताने तारा थांबवणे, तीन जागांचे कॉर्ड, ओळखीच्या एका गाण्याला साथ.
- चौथ्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत: एका तारेवर सबंध चाल, मग तिरक्या बारचा तक्ता.
- त्यानंतर: कंप, चाइम्स आणि गाणाऱ्या माणसासोबत वाजवणे.

रोज वीस मिनिटे नियमित सराव हा आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा बरा, कारण कान रोज थोडाथोडा तयार होतो. दर आठवड्याला आपले वादन फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. वाजवताना लक्ष हातांकडे असते, त्यामुळे सुटलेली चूक ऐकताना सापडते. अनुभवी वादकाचे ध्वनिमुद्रण लावून त्याच्यासोबत एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवणे हाही जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. केकुकूसमोर ना आकड्यांचे धडे होते, ना दांडीवर सूर नेमका दाखवणारी खूण. त्याला सात वर्षे लागली. आजच्या शिकणाऱ्याकडे धडे, व्हिडिओ आणि जुळणीचे यंत्र आहे, त्यामुळे जागा लवकर सापडतात. सूर मात्र अजूनही ऐकूनच लावावा लागतो.